कागदाचा घडीचा खांब दर वेळी वेगळ्याच वजनाला का बसतो?

तक्रार नेहमीची आहे. वर्ग सातवी-आठवीचा, कागद एकाच रीममधले, घड्या एकाच मापाच्या. तरी एका गटाचा खांब ६ किलो पेलतो आणि शेजारच्या गटाचा दीड किलोलाच मान टाकतो. मग मुलं म्हणतात, "सर, त्यांचा कागद जाड होता." घडीमुळे कागदाला दाबाखाली बळ कुठून येतं हा शिकवायचा मुद्दा राहतो बाजूला आणि तास कुणाचा खांब भारी या वादात संपतो.

घड्या चुकल्या असतील असं समजून पहिल्यांदा त्याच पुन्हा घातल्या जातात. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. तो टोकांना असतो: खांबाची खालची आणि वरची कड एका पातळीत नसते, किंवा वजन मधोमध टेकलेलं नसतं. म्हणून तपासायचा क्रम उलटा ठेवा. आधी कडा, मग वजनाची जागा, मग जोड आणि डिंक, मग कागदाची दिशा आणि ओल, आणि सगळ्यात शेवटी घडी.

मापाचा खांब

तुलना करायची तर एक ठरलेला खांब हवा. ए-४ कागद २१० × २९७ मिमी असतो. लांबीचे तीन सारखे भाग केले की २१० × ९९ मिमीची पट्टी मिळते. ७५ जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम भरणाऱ्या) साध्या झेरॉक्स कागदाची ही पट्टी दीड ग्रॅमच्या जराशी वर भरते (०.२१ × ०.०९९ × ७५ = १.५६). वर्गातले सगळे आकार याच पट्टीतून करायचे, म्हणजे "त्यांनी जास्त कागद वापरला" ही पळवाट उरत नाही.

घडीचा खांब असा करा. पट्टीच्या २१० मिमीच्या दोन्ही कडांवर दर १० मिमीला पेन्सिलीची खूण करा. समोरासमोरच्या खुणा जोडत स्टीलच्या पट्टीने आणि शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा दाबून घ्या. शाई संपलेलीच हवी, आणि रेघ दाबायची, कापायची नाही. एकूण २० रेघा आणि २१ पाकळ्या होतात. एक रेघ पुढे, एक मागे अशी जपानी पंख्यासारखी घडी घाला आणि प्रत्येक घडीवरून चमच्याची पाठ एकदाच फिरवा. पहिली पाकळी शेवटच्या पाकळीवर चिकटवली की २० पाकळ्यांची बंद चांदणी तयार होते. पाकळ्यांची संख्या सम राहिली नाही तर चांदणी बंद होत नाही, एक घडी उलटी बसते. १५ मिमीच्या घडीला १४ पाकळ्या येतात, तिथे दोन पाकळ्यांचा जोड द्या म्हणजे १२ उरतील. ३० मिमीच्या घडीला ७ येतात, एक जोडात गेली की ६.

आता पट्टा. १७० मिमी लांब आणि ८ मिमी रुंद अशा कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, १० मिमीचा जोड देऊन १६० मिमी घेराची कडी करा. एक कडी खालच्या टोकापासून १० मिमीवर, दुसरी वरच्या टोकापासून १० मिमीवर. या घेरात चांदणीच्या शेजारच्या दोन पाकळ्या एकमेकींशी जवळपास काटकोन करतात आणि भिंतीची खोली, म्हणजे बाहेरच्या घडीपासून आतल्या घडीपर्यंतचं अंतर, ७ मिमीच्या आसपास येते. पट्टा का लागतो ते पुढे येईल. तो वगळला तर हा प्रयोग करूच नका.

वजनासाठी २०० × २०० × ६ मिमीचा एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचा) तुकडा घ्या. त्याचंही वजन करा, पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि ते प्रत्येक आकड्यात मिळवायचं असतं. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना कर्ण आखून मध्य काढा आणि खालच्या बाजूला त्या मध्याभोवती खांबाच्या मापाचं वर्तुळ काढा. वर रंगाचा रिकामा ४ लिटरचा डबा ठेवा. २५० ग्रॅम वाळू भरेल असा मग मोजून घ्या आणि दर १५ सेकंदांनी एक मग हळू ओता. नदीची वाळू मिळवायची खटपट नको, बांधकामाची क्रश सँड चांगली चालते. कोरडी हवी एवढंच. डबा भरला की साधारण ६ किलो होतात. त्यापुढे डबा उतरवून पाण्याच्या बाटल्या मांडा, १ लिटरला १ किलो.

खांबाच्या दोन बाजूंना ८० मिमी उंचीचे वह्यांचे गठ्ठे ठेवा. खांब बसला की फळी दोन सेंटिमीटर उतरून गठ्ठ्यांवर टेकते. बोटं वाचतात, वाळू वर्गभर होत नाही. शिवाय मोडलेला खांब पुरता चेंदामेंदा न होता ज्या क्षणी बसला त्याच अवस्थेत हाती येतो. हा शेवटचा फायदा सगळ्यात मोठा आहे.

अशा रीतीने केलेला १० मिमी घडीचा खांब ३ किलोच्या अलीकडे बसला तर काहीतरी चुकलं आहे असं समजून खालचं तपासा.

एकाच बाजूने खचतो

हा सगळ्यात जास्त दिसणारा दोष. कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते. वीसपैकी दोन-तीन पाकळ्या अर्धा मिमी जरी लांब राहिल्या तरी सुरुवातीचं सगळं वजन त्यांच्यावरच येतं, बाकीच्या पाकळ्या फळीला टेकलेल्याही नसतात. त्या दोन-तीन मोडतात, भार शेजारणींवर ढकलतात, त्याही मोडतात. बघणाऱ्याला खांब एकदम बसल्यासारखा वाटतो, पण तो एकेक पाकळी करून हरलेला असतो.

तपासणी सोपी आहे. खांब काचेवर किंवा सपाट टाइलवर उभा करा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि डोळा काचेच्या पातळीत आणा. जिथून उजेड फटीतून येतो तिथे पाकळी आखूड आहे. मुलांना हे एकदा दाखवलं की पुढच्या वेळी ती आपणहून टॉर्च मागतात.

कारण बहुधा कात्रीत असतं. घड्या घालून झाल्यावर "कड वाकडी दिसते" म्हणून घड्यांचा गठ्ठा धरून कात्री चालवली जाते. वीस थरांवरून कात्री सरळ जात नाही, ती थर पुढे ढकलत जाते. म्हणून कापायचं ते आधी, सपाट कागदावर, सुताराचा गुण्या लावून आणि कटरने. घडीनंतर कात्रीला हात लावायचा नाही. तरीही फट राहिलीच तर जोड चिकटवण्याआधी घड्यांचा गठ्ठा दोन स्टीलपट्ट्यांत घट्ट धरा, कडा पट्ट्यांच्या बरोबरीला आणा आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरवरून चार-पाच वेळा हलकेच एकाच दिशेने फिरवा.

वर-खाली २ मिमीची फोमशीट घालायची युक्ती काही जण सांगतात. बारीक फटी त्याने झाकल्या जातात आणि आकडे एकमेकांजवळ येतात, हे खरं. पण फोममध्ये कडा रुततात, आणि खांबाचे पाय पसरणं हा पुढे येणारा दोष त्याखाली लपून जातो. प्रदर्शनात मांडायचं असेल तर चालेल. शिकवताना फोम नको.

वजन ठेवताच झुकतो

कडा नीट आहेत, फट नाही, तरी खांब एका अंगाला झुकतो. इथे वजनाचा मध्य चुकलेला असतो. किती चुकला तर किती फरक पडतो ते गोल नळीवर नीट सांगता येतं. २१० मिमीच्या पट्टीला १० मिमी जोड दिला की २०० मिमी घेराची, म्हणजे सुमारे ६४ मिमी व्यासाची नळी होते; त्रिज्या ३२. वजन मध्यापासून ८ मिमी सरकलं तर त्या बाजूच्या कडेवर सरासरीच्या दीडपट दाब येतो. १६ मिमी सरकलं तर दुप्पट, आणि समोरची बाजू जवळजवळ मोकळी राहते. पेन्सिलीच्या जाडीइतकी चूक म्हणजे दीडपट, हे नववी-दहावीच्या मुलांकडून आकृती काढून घेण्यासारखं आहे.

पुस्तकं रचत जाणं इथेच नडतं. पुस्तकाच्या शिवणीकडची बाजू जड असते, आणि सगळी पुस्तकं एकाच बाजूला शिवण करून ठेवली की मध्य हळूहळू तिकडे सरकतो. पुस्तकंच वापरायची असतील तर एकाची शिवण डावीकडे, पुढच्याची उजवीकडे. वाळू ओततानाही डब्याच्या मधोमध ओता, आणि ओतणाऱ्याचा हात डब्याला टेकू देऊ नका.

आणि पंखा बंद करा. सादळलेल्या दुपारी कुणालाच पंखा बंद करायचा नसतो, पण मोठी फळी वरून आलेल्या झोताने हलते.

पाकळ्या उघडून पसरतात

खांब मोडत नाही, नुसता पसरतो. घड्या सपाट होत जातात आणि फळी हळूहळू खाली येते. पट्टा नाही, किंवा सैल आहे. घडीचा कोन हीच इथे ताकद असते, आणि तो कोन धरून ठेवणारं घडीमध्ये स्वतःचं काही नसतं. वरून दाब आला की चांदणी बाहेर फुगायला बघते. खालून फुगली तर त्याला मुलं "पाय पसरले" म्हणतात, आणि शब्द नेमका आहे. १६० मिमीचा पट्टा तिला फुगू देत नाही. पट्टा प्रत्येक बाहेरच्या घडीला टेकला पाहिजे. मधे फट दिसत असेल तर तो सैल आहे.

गुळगुळीत सनमायकाच्या टेबलावर हा दोष आणखी वाढतो. खांबाखाली खडबडीत पुठ्ठा किंवा पॉलिश पेपर उताणा ठेवा. घासण्याने पाय जागेवर राहतात.

गोल नळी चौकोनी नळीकडून हरते

हे झालं की शिक्षकाची पंचाईत होते, कारण फळ्यावर आधीच लिहून झालेलं असतं की गोल नळी सगळ्यात जास्त पेलते. सिद्धान्त बरोबर आहे. त्रिकोणी नळीची एक भिंत ६७ मिमी रुंद, चौकोनी नळीची ५० मिमी. सपाट भिंतीला दाबाखाली मधोमध बाक येतो, आणि बाक यायला लागणारा दाब भिंतीच्या रुंदीच्या वर्गाने घटतो: भिंत दुप्पट रुंद, तर चौथाई दाबालाच बाक. मधला भाग असा कामातून गेला की भार कोपऱ्यांकडे सरकतो आणि कोपरेच खांब उभा ठेवतात. गोल नळीला सपाट भाग नसतो, म्हणून ती बराच वेळ सगळ्या घेरावर भार वाटून घेते.

पण गोल नळी नाजूकही तितकीच. बोटाने पडलेला एक खळगा, जोडाजवळचा सपाट पट्टा किंवा अंडाकार झालेलं तोंड तिची ताकद निम्म्याने उतरवू शकतं. पातळ भिंतीच्या नळ्यांचं हे जुनं दुखणं आहे; गणितातला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत मोठी तफावत पडते ती अशा बारीक खोटांमुळेच. चौकोनी नळी मुळातच वाकड्या भिंती घेऊन उभी असते, त्यामुळे आणखी एका खळग्याने तिचं फारसं बिघडत नाही.

उपाय: नळी ६० मिमीच्या आसपासच्या पाइपच्या तुकड्यावर गुंडाळून चिकटवा, हातावर नाही. बाहेर काढल्यावर चिमटीत धरायची नाही, आतून दोन बोटं घालून उचलायची. दोन्ही तोंडं कंपासने काढलेल्या वर्तुळावर ठेवून बघा.

डिंकाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अर्ध्या खोटा तिथून येतात. फेविकॉल थेट बाटलीतून ओढला की जोडाजवळचा कागद ओला होऊन फुगतो, वाळताना आखडतो आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना बारीक चुण्या पडतात. त्या चुण्या म्हणजे तयार बाकच. एका पुठ्ठ्यावर थेंबभर फेविकॉल घ्या, दुसऱ्या पुठ्ठ्याच्या कडेने तो जोडावर पातळ ओढा, जास्तीचा पुसा आणि अर्धा तास वाळू द्या. ग्लूस्टिक असेल तर उत्तम, ओल कमी. सेलोटेप लावायचीच असेल तर जोडाच्या पूर्ण उंचीला एकच सलग पट्टी. मधेमधे तुकडे लावले तर नळी तुकड्यांच्या मधल्या भागात बसते. स्टेपलर नको, पिनेजवळचा कागद दबलेला असतो.

एक प्रश्न हमखास येतो: नळी घट्ट गुंडाळून बारीक केली तर जास्त पेलते का? पेलते, पण बारीक झाली म्हणून नाही. एकाच थराच्या नळीला भिंतीत बाक यायला लागणारं एकूण वजन गणिताने व्यासावर अवलंबून नसतं, जाडीच्या वर्गावर असतं. दोन वेढे दिले की थर दोन होतात. ते एकमेकांना चिकटलेले नसतील तर ताकद दुप्पट. पूर्ण चिकटलेले असतील तर चौपट. एक चिकटवलेली आणि एक न चिकटवलेली अशा दोन नळ्या शेजारी ठेवा, मुलांना स्वतः फरक बघू द्या.

पावसाळ्यात जमत नाही, थंडीत जमतं

कागद हवेतली ओल पितो. जुलै-ऑगस्टमध्ये नाशकात उघड्या खिडकीशी ठेवलेला कागद आणि सादळलेला पापड यांत तत्त्वतः फरक नाही. ओलीने तंतूंमधली पकड ढिली होते, कागद लवकर वाकतो, आणि वजन तेवढंच असलं तरी हळूहळू दबत जातो. मग खांब वजन ठेवल्यावर मोडत नाही, मिनिटभर थांबून कुणी हात न लावता मोडतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. दर मगाला १५ सेकंद हा नियम यासाठीच आहे. एका गटाने भराभर ओतलं आणि दुसऱ्याने चवीने ओतलं तर आकडे जुळणार नाहीत.

रीमचं वेष्टन प्रयोगाच्या दिवशीच फोडा. उरलेले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. इस्त्री फिरवून कागद वाळवायचा मोह टाळा. अर्ध्या तासात तो ओल परत घेतो आणि वर बाकदार होतो. सगळ्यात महत्त्वाचं, सोमवारचे आकडे गुरुवारच्या आकड्यांशी जोडू नका. तुलना एकाच तासातली. कागदाच्या चाचण्या प्रयोगशाळेत २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला करण्याचा दंडक आहे तो उगाच नाही.

हे समजवायला निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना घरचंच उदाहरण आहे. द्राक्षाची रिकामी पेटी आणा आणि कड फाडून दाखवा. दोन सपाट कागदांमधे नागमोडी कागद, आणि पेटीच्या भिंतीत त्याच्या नळ्या उभ्या. म्हणजे आपला घडीचा खांब, शेकड्याने शेजारी शेजारी. ही पेटी शीतगृहात ० अंशाच्या आसपास आणि ९० टक्क्यांवरच्या आर्द्रतेत थप्पीत उभी राहते, आणि इतक्या ओलीत पुठ्ठ्याची दाब सोसायची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून पेट्यांचे कोपरे कोपऱ्यांवर येतील अशाच थप्प्या लावतात. विटांसारखी सांधेमोड केली की वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या भिंतीच्या मधोमध येतो, आणि मधोमध काय होतं ते चौकोनी नळीत पाहिलंच आहे.

कागद एकच, माप एकच, तरी फरक

पट्ट्या वेगवेगळ्या दिशेने कापल्या गेल्या. कारखान्यात कागद बनताना तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने जास्त लागतात. त्या दिशेने कागद आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट ताठ असतो. झेरॉक्सच्या ए-४ कागदात ही दिशा बहुधा लांबीची असते. आपली पट्टी लांबीचे तीन भाग करून कापल्याने तंतू ९९ मिमीच्या उंचीत उभे येतात: खांब ताठ, घडीही स्वच्छ. चार्टपेपर मात्र मुलं जागा बघून आडवा-उभा कसाही कापतात.

ओळखायला १५० × २० मिमीच्या दोन पट्ट्या, एक उभी आणि एक आडवी कापा. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत आडव्या धरा, मग पालथ्या करून पुन्हा धरा. जी जास्त लोंबते तिच्यात तंतू आडवे आहेत.

देखणी घडी, ताकद शून्य

इंटरनेटवर पाहून कुणीतरी मिउरा घडी करून आणतं. तिरप्या चौकोनांची, एका ओढीत उघडणारी आणि मिटणारी. जपानचे कोर्यो मिउरा यांनी ती १९७०च्या सुमारास मांडली आणि १९९५ साली अवकाशात गेलेल्या जपानी यानाच्या सौरपटलाला वापरली गेली. घडी सुंदर आहे, पण उभी करून वर वजन ठेवलं की आपसूक मिटते. तिचं कामच ते. हिऱ्यासारख्या चौकटींचं योशिमुरा नकशीचं नळकांडंही तसंच. गोल नळी दाबाखाली चिरडली की तिच्यावर आपोआप उमटते ती हीच नकशी. ती आधीच आखून ठेवली तर नळी भात्यासारखी बसते.

दोन्हीकडे कारण एक. दाबाच्या दिशेला आडवी किंवा तिरपी असलेली प्रत्येक घडी ही बिजागरी असते. खांबात घड्या दाबाच्या दिशेनेच जायला हव्यात. अशा मुलांना नाउमेद न करता त्यांचं काम खांबाशेजारी ठेवा: घडी कुठे आधार देते आणि कुठे मिटते, दोन्ही एका टेबलावर दिसेल.

घडी किती बारीक घ्यावी यालाही मर्यादा आहे. घडी निम्मी केली की एकेका पाकळीला बाक यायला चौपट दाब लागतो. पण भिंतीची खोलीही निम्मी होते आणि अख्ख्या भिंतीचा वाकायला होणारा विरोध चौथाई राहतो. हाताची चूक वेगळीच: अर्धा मिमी चुकला तर १० मिमीत ५ टक्के, ५ मिमीत १० टक्के. शाळेत ७ मिमीच्या खाली जाऊ नये.

निष्कर्षच चुकतो

आकडे छान आले आणि मुलांनी वहीत लिहिलं, "घडी घातल्याने कागद मजबूत होतो." हे चूक आहे, आणि तपासून दाखवता येतं. साधी पट्टी आणि मधोमध घडी घालून चार वेळा इकडून तिकडे मुडपलेली पट्टी, दोन्ही ओढून बघा. घडीवर कागद आधी फाटतो, कारण तिथले तंतू तुटलेले असतात. आता एक सपाट आणि एक उभ्या घड्यांची, अशा दोन सारख्या पट्ट्या लांबीने ताणा: घडीचा काही फायदा दिसणार नाही. फायदा फक्त दाबात आणि वाकण्यात.

का, ते डोळ्यांजवळ धरून दाखवा. सपाट पट्टी उभी धरून वरून बोटाने दाबा. ती चिरडत नाही, बाजूला पळते. कागद हरलेलाच नाही, त्याने वाट काढली. सगळा माल ०.१ मिमीच्या जाडीत बसलाय, त्यामुळे वाकायला अडवणारं काही नाही. घडीने तोच माल मधल्या रेषेपासून काही मिमी इकडे-तिकडे नेऊन ठेवला. आता वाकायचं तर एका बाजूच्या कागदाला दबावं लागतं आणि दुसऱ्या बाजूच्या कागदाला ताणावं लागतं. कांदाचाळीवरचा पन्हाळी पत्रा याच हिशेबाने स्वतःच्या जाडीच्या मानाने लांब अंतर पेलतो, आणि पन्हाळीच्या आडव्या दिशेने हातानेही वाकतो. खांब लांब झाला की लवकर बाकतो याचं सूत्र लिओनार्ड ऑयलर यांनी १७४४ साली मांडलं: लांबी दुप्पट, पेलायची ताकद चौथाई. पूर्ण २९७ मिमी उंचीचा एक खांब करून ९९ मिमीच्या शेजारी ठेवला की त्यावर बोलता येतं. फक्त सांगून ठेवा, आपल्या बुटक्या चांदणीत अख्खा खांब बाकत नाही, पाकळ्या बाकतात. म्हणून तिथे नेमका चौथाईचा हिशेब येणार नाही.

मोडलेला खांब वाचायचा

प्रत्येक आकाराचे किमान पाच खांब करा आणि पाचांपैकी मधला आकडा घ्या. सरासरी नको, एक बिघडलेला खांब ती ओढून नेतो. एकदा बसलेला खांब सरळ करून पुन्हा वापरायचा नाही. आकड्याशेजारी खांबाच्या वजनाशी गुणोत्तर लिहा: दीड ग्रॅमच्या खांबाने साडेचार किलो पेलले तर ३००० पट. पट्ट्यांचं वजन धरायचं की नाही ते आधी ठरवा.

मग खांब हातात घ्या. फक्त एका टोकाला, एकाच बाजूच्या पाकळ्या चुरगळल्या असतील तर कड वाकडी होती. एका बाजूला वरपासून खालपर्यंत चुण्या आणि समोरची बाजू कोरी, तर वजनाचा मध्य चुकला. घड्या न मोडता नुसत्या सपाट झाल्या, तर पट्टा सैल. जोडालगत उभी चुणी, तर डिंक ओला. हे सगळे आकडे वहीत वेगळ्या रकान्यात जातात, तुलनेत धरायचे नाहीत. आणि पट्ट्याच्या वर किंवा मधोमध, सगळ्या घेराभर एकाच उंचीवर तिरप्या चुण्यांची रांग उमटली असेल, उजेडात फिरवल्यावर पाकळीआड पाकळी आत-बाहेर दबलेली दिसत असेल, तर तो खांब नीट बनला होता. फळ्यावर त्याचा आकडा लिहा.